फाट्यावरचा तह

मी लातूर-नांदेडकडे व्याख्यानांना निघाले आहे म्हटल्यावर आमच्या नाशिकच्या बिल्डिंगमधल्या एकाही शेजारणीनं विषय विचारला नाही. सगळ्यांचं एकच म्हणणं, "पाण्याच्या बाटल्या घेऊन जा हो, तिकडे हाल असतात." जानेवारीचा महिना, थंडी पडलेली, तरी मी बाटल्या नेल्या. तिथल्या माणसांनी मला इतकं पाणी, इतका चहा आणि इतकं ताक पाजलं की त्या बाटल्या मी न उघडताच परत आणल्या.

विषय कुणी विचारला नाही ते बरंच झालं. मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर मी नुसतं "कायदा" म्हणते. पुढचा शब्द लावला की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "पण तो असतो का हो?" निम्मी नोकरी या प्रश्नाचं उत्तर देण्यात गेली आणि समोरच्याचं समाधान झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

निमंत्रण बालाजीचं होतं. बालाजी माझा जुना विद्यार्थी, आता हिमायतनगरला वकिली करतो. एवढ्या लांबून मॅडमना एकाच व्याख्यानासाठी बोलावणं बरं दिसत नाही म्हणून त्यानं ओळखीनं लातूरचंही एक व्याख्यान जोडून दिलं.

लातूर

लातूरला सकाळी उतरले तर हवेत डाळीचा वास होता. डाळमिल सुरू होत्या. स्टेशनपासून गावात येईपर्यंत दोन्ही बाजूंना मोठमोठे फलक, आणि त्यांवर चष्मेवाली गंभीर मुलंमुली. आमच्याकडे फलकांवर पुढारी असतात आणि तेही हात जोडून हसत असतात. इथं परीक्षेत मार्क मिळवलेली लेकरं आहेत आणि ती अजिबात हसत नाहीत. पुढच्या परीक्षेचा विचार चालू असावा.

प्राचार्यांकडे नाश्त्याची सोय होती. त्यांच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "सुशीला चालेल ना तुम्हाला?" मला वाटलं कुणी बाई सोबत येणार आहेत. मी म्हटलं, "चालेल की, गाडीत जागा आहे." त्या स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ हसत होत्या. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, कांदा-मिरची आणि दाण्याचा कूट घातलेला, वर कोथिंबीर पेरलेला पदार्थ. मी दोनदा घेतला.

कॉलेजचा हॉल गच्च भरलेला पाहून मला भरून आलं. नंतर कळलं की शेजारच्या क्लासमधली मुलं सरांच्या हुकमावरून आणून बसवली होती. प्राचार्यांनी ओळख करून दिली, "जागतिक न्यायालयाचं काम ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं आहे, अशा विदुषी." हे खरंच होतं. मी एकदा सहलीला गेले असताना प्रेक्षकांच्या गॅलरीत बसून अर्धा दिवस ते काम पाहिलं होतं. पण सभागृहात टाळ्या अशा पडल्या की जणू मी तिथं न्यायाधीशच होते. मी माइकवर खुलासा केला, तोही लोकांनी नम्रपणा म्हणून घेतला.

व्याख्यान संपल्यावर पहिल्या रांगेतला एक मुलगा उठला. "म्याडम, हे नीटला येतं का?"

"नाही," मी म्हटलं.

निम्म्या हॉलनं वह्या मिटल्या. उरलेल्यांपैकी एकानं विचारलं, "पण म्याडम, एखाद्या देशानं हा कायदा मोडला तर पोलीस कोण येतं?"

"पोलीस नाही. बाकीचे देश निषेध करतात."

"आन तरी ऐकलं न्हाई तर?"

"तीव्र निषेध करतात."

हॉलमध्ये खसखस पिकली. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हंजे फाट्यावर मारतेत की!" प्राचार्यांनी टेबलावर हात आपटला, पण तेही हसू आवरत होते. मी सांगायचा प्रयत्न केला की बहुतेक देश बहुतेक वेळा हा कायदा पाळतात, विमानं रोज एकमेकांच्या आकाशातून जातात, पत्रं पोचतात, वकिलातींना कुणी हात लावत नाही. पण पाळलेला कायदा कुणाला दिसत नाही. मुलांच्या डोक्यात "तीव्र निषेध" तेवढा राहिला. बाहेर पडताना जिन्यात एकजण दुसऱ्याला म्हणत होता, "माझा डबा खाल्लास ना, तीव्र निषेध."

नांदेड

नांदेडला बालाजी मला घ्यायला आला होता. पोट सुटलं होतं, मिशी आली होती, पण वर्गात शेवटच्या बाकावर बसून हसायचा तेच हसू. त्यानं आधी गुरुद्वाऱ्यात नेलं. लंगरमध्ये आम्ही जमिनीवर रांगेत बसलो. माझ्या एका बाजूला एक सरदारजी आजोबा, दुसऱ्या बाजूला परभणीकडची एक लेकुरवाळी. आमच्याकडे पंगतीत कोण कुठं बसायचं यावरून माणसं वर्षभर बोलत नाहीत. इथं डाळ वाढणारा आला की जो तो मुकाट्यानं ताट पुढे करत होता.

जेवताना बालाजी म्हणाला, "म्याडम, तुमचं लातूरचं कानावर आलं हां. आमच्याकडं बॅनर लागलंय."

"काय लिहिलंय बॅनरवर?"

तो डाळीकडे बघत राहिला. "तसं बरोबरच लिहिलंय."

हिमायतनगरच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी बालाजीच्या गाडीतून निघालो. भोकर मागं पडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीची काढणी चालू होती आणि कापसानं फुगलेले ट्रक आमच्या अंगावर येत होते. एका फाट्याजवळ बसथांब्याची सिमेंटची शेड दिसली. शेडच्या बोर्डावर इतक्या वेळा रंग मारला होता की तिथं एकही अक्षर वाचता येत नव्हतं. त्याच्या थोडं पुढं, रस्त्याच्या कडेनं, कॉलेजच्या ड्रेसमधल्या तीन मुली दप्तरं घेऊन भराभरा चालल्या होत्या. ट्रक गेला की ओढणी नाकाला लावायच्या, पुन्हा चालायच्या. बालाजीनं गाडी थांबवून त्यांना आत घेतलं.

त्यांच्यातली पुढं होऊन बोलणारी ज्योती अकरावीला होती. फाट्यावर शेड असताना चालत का जाता, असं मी विचारलं.

"गाडी थांबत न्हाई म्याडम फाट्यावर. पुढं कापसाच्या जिनिंगपाशी थांबती. तिथवर चालावं लागतं. तोवर पहिली गाडी निघून जाती, मंग दुसरी. पहिला तास रोज बुडतो."

"का थांबत नाही?"

तिघी एकमेकींकडे बघून हसल्या. उत्तर बालाजीनं दिलं. रस्त्याच्या एका अंगाला मोहखेड, दुसऱ्या अंगाला चिंचटाकळी. (गावांची नावं मी बदलली आहेत, कारण दोन्हीकडे मला परत जायचं आहे.) फाटा एकच, आणि तो कुणाचा यावर वाद. कंडक्टरनं "मोहखेड फाटा" म्हणून हाक दिली की चिंचटाकळीची माणसं त्याच्यावर धावायची, "चिंचटाकळी फाटा" म्हटलं की मोहखेडची. बोर्ड एका गावानं रंगवायचा, दुसऱ्यानं पुसायचा. शेवटी गाडीवाले वैतागले आणि फाट्यावर थांबायचेच बंद झाले.

"माय म्हणती, पुढच्या वर्षी घरीच बस," ज्योती म्हणाली. "ट्रकच्या रस्त्यानं पोरी चालतेत, तिला भ्या वाटतं." ते बोलताना ती हसली नाही.

हिमायतनगरच्या चौकात बॅनर होतं. माझा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत "आंतरराष्ट्रीय न्यायाधीश". मी बालाजीकडे पाहिलं. तो म्हणाला, "फ्लेक्सवाल्यानं केलं. 'कायदा' म्हणून सांगितलं होतं, त्यानं वाढवलं."

ज्योतीच्याच कॉलेजात होतं ते व्याख्यान चांगलं झालं. शेवटी मागच्या रांगेतून ज्योती उठली आणि तिनं विचारलं, "दोन देशांची सरहद्द एकच असली आन दोघंबी माझी म्हणले, तर ह्या कायद्यात काय करतेत?"

मी उत्साहानं सांगितलं की दोघांच्या संमतीनं तिसरा पंच नेमतात, तो दोघांचं ऐकून निवाडा देतो.

"मंग आमच्या फाट्याचा निवाडा तुम्हीच द्या की," ती म्हणाली आणि खाली बसली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बालाजीनं तिथल्या तिथं दोन्ही सरपंचांना फोन लावले. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "अरे, मी आयुष्यात एकही भांडण सोडवलेलं नाही. मी फक्त शिकवते." तो म्हणाला, "म्याडम, त्यांना कुठं माहीत हाय?"

फाटा

बैठक त्याच दिवशी ऊन उतरल्यावर फाट्यावर ठरली. त्याआधी व्यंकटरावांनी, म्हणजे मोहखेडच्या सरपंचांनी, मला शेतावर हुरडा खायला नेलं. कोवळी कणसं आगटीत भाजून, हातावर चोळून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. मी पोटभर खाल्लं. तेवढ्यात चिंचटाकळीच्या सरपंच गयाबाई बांधावर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्यांचा खाल्ला, आता आमचा खावा. न्हाईतर लोक म्हणतील, निकाल आधीच लागला." पंच निःपक्षपाती हवा म्हणून मी पुन्हा तितकाच हुरडा खाल्ला. निःपक्षपातीपणा किती जड असतो हे मला वर्गात शिकवताना कधी कळलं नव्हतं.

बैठकीसाठी फाट्यावरचं उस्मानभाईंचं चहाचं हॉटेल ठरलं, कारण ते कुणाच्याच गावचे नव्हते. मी त्यांना विचारलं, तुमच्या मते फाटा कुणाचा? उस्मानभाईंनी गाळणी झटकली. "अपन दोनों गाँव का दूध लेते मॅडम. अपन कुछ नै बोलते."

व्यंकटराव उंच, पांढरे कपडे, बोलणं शांत. त्यांनी सुरुवात केली, "शेडखालची जमीन मोहखेडच्या शिवारात हाय. निजामाच्या टायमाला हितं माझ्या आज्याची पाणपोई होती. सारा मुलूख हितं पाणी पिऊन जायचा. नाव आमचंच लागतं."

"पाणपोई होती," गयाबाई म्हणाल्या. त्या ठेंगण्या, कपाळाला मोठं कुंकू, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडच्या म्हशीनं मान वर केली. "आता हाय का? आता हितं उन्हात कोण उभं राहतं? आमची लेकरं. ह्यांच्या गावातली समदी फटफटीवर हिंडतेत. जो वापरतो त्याचा फाटा."

मी महिनाभर जे दोन धडे शिकवते, जुना हक्क आणि प्रत्यक्ष वहिवाट, ते यांनी चहा थंड व्हायच्या आत मांडून टाकले होते. पुढं बरंच काही झालं. पाणपोईचा रांजण नेमका कुठं होता यावर दोन म्हातारे एकमेकांच्या अंगावर गेले. व्यंकटराव एकदा उठून चालते झाले आणि चप्पल विसरल्यामुळं परत आले. शेवटी सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मला एक जुनी रीत आठवली. दोन देश तह करतात तेव्हा आधी नाव कुणाचं यावर असेच अडून बसतात. म्हणून तहाच्या दोन प्रती काढतात. जी प्रत ज्या देशाकडे राहणार, तिच्यात त्या देशाचं नाव आधी. मी म्हटलं, "बोर्ड दोन तोंडांचा करा. मोहखेडकडून येणाऱ्याला दिसेल त्या बाजूला मोहखेडचं नाव आधी, चिंचटाकळीचं नंतर. दुसऱ्या बाजूला उलट."

दोघांनी विचार केला. कुणीच हरलं नव्हतं, त्यामुळं दोघंही जरा नाराज दिसले.

"कबूल?" मी विचारलं.

"कबूल," व्यंकटराव म्हणाले.

"ते कबूल असतील तर मीबी कबूल," गयाबाई म्हणाल्या.

नारळ फुटला, पेढे आले, फोटो निघाले. बालाजीनं छोटंसं भाषण केलं आणि त्यात माझी आणखी एका पदावर बढती केली. त्या संध्याकाळी त्याच्या घरी ज्वारीची भाकरी आणि वरण समोर आलं, पण हुरड्यावर आणखी काही जाईना. मी फार खूश होते. इतकी वर्षं ज्याबद्दल बोलत आले ते एकदा हातून घडलं होतं.

फाटा, दुसऱ्या दिवशी

परतीच्या दिवशी बालाजीला कोर्टात तारीख होती. तो म्हणाला, दुपारच्या बसनं नांदेडला जा, संध्याकाळची रेल्वे आरामात मिळेल. मी म्हटलं, मग मला फाट्यावरच सोड, तिथूनच बस धरते. नवा बोर्ड बघायची मला घाई झाली होती.

बोर्ड उभा होता. दोन तोंडांचा. मोहखेडच्या बाजूला "मोहखेड" ही अक्षरं दुधाच्या कॅनएवढी, आणि त्यांच्या पायाशी मुंग्यांच्या रांगेसारखं "चिंचटाकळी". दुसऱ्या बाजूला याच्या बरोबर उलट. एवढ्यावर भागलं नव्हतं. शेडच्या कपाळावर "चिंचटाकळी आपले सहर्ष स्वागत करीत आहे" असा गयाबाईंच्या फोटोचा फ्लेक्स, आणि आतल्या बाकावर ओल्या रंगात "सौजन्य: मोहखेड". बाकावर आधी कुणीतरी बसून गेलं होतं आणि "सौ" त्याच्याबरोबर गेला होता.

दोन्ही सरपंच उस्मानभाईंकडे चहा पीत होते, दोन वेगळ्या टेबलांवर. मी थेट विचारलं, "हे काय केलंत?"

व्यंकटरावांनी कप खाली ठेवला. "म्याडम, तुमचा शब्द मोडला न्हाई. नाव आधी कुणाचं ते ठरलं, तसंच लिवलं. अक्षर केवढं काढायचं हे कुठं ठरलं होतं?"

"आन फ्लेक्स म्हंजे काय बोर्ड हाय का?" गयाबाई म्हणाल्या. "निकाल बोर्डाचा होता. आमी निकालाचा मान ठेवूनच फ्लेक्स लावलाय."

मी संतापले होते, आणि तोंड उघडणार तेवढ्यात मला हसू यायला लागलं. दोघांपैकी एकानंही म्हटलं नव्हतं की तुमचा निकाल गेला चुलीत. सगळे देश हेच करतात. दुसऱ्याच्या हद्दीत घुसलेला देशसुद्धा असं म्हणत नाही की कायदा नाहीच, तो म्हणतो की मी कायद्याप्रमाणेच घुसलो, तुम्ही कलम नीट वाचलं नाही. आणि मग अख्खं जग त्या कलमातल्या स्वल्पविरामावर बोलत बसतं. हे मी वर्षानुवर्षं सांगत आले, पण त्याला ओल्या रंगाचा वास असतो हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात बस आली. मी रस्त्याच्या कडेला जाऊन हात केला. माझ्यामागं गयाबाईंनी केला, व्यंकटरावांनीही केला. बसनं वेगही कमी केला नाही. खिडकीतल्या कंडक्टरनं आमच्याकडे न बघता समोरच्या बाभळीकडे बघितलं, आणि धुरळा आमच्या अंगावर टाकून गाडी निघून गेली.

आम्ही तिघंही तोंडातली धूळ थुंकत उभे होतो.

"गाडीवाल्याला सांगितलं कुणी?" मी विचारलं.

"मला वाटलं ह्या सांगतील," व्यंकटराव म्हणाले.

"मला वाटलं आधी कबूल ते म्हणले, तेच सांगतील," गयाबाई म्हणाल्या.

मीही विसरले होते. दोघांनी केलेला तह तिसऱ्याला बांधत नाही, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. दोन गावं बोर्डासाठी इतकी भांडली आणि मी इतक्या हौसेनं तह लिहिला, त्यात बस कुणाच्या लक्षातच नव्हती.

आता मला नांदेडला कोण पोचवणार यावर वाद सुरू झाला. व्यंकटराव म्हणाले, माझी जीप हाय. गयाबाई म्हणाल्या, पोराची कार हाय, जीपमध्ये बाईमाणसाचं कंबरडं मोडतं. पाहुणी कुणाच्या गाडीतून गेली, हा पुढची दहा वर्षं पुरेल असा विषय होता. मी म्हटलं, "मी कुणाच्याच गाडीतून जाणार नाही. इथं थांबणाऱ्या बसनंच जाईन."

"मंग रातच्याला बी हितंच ऱ्हाशाल," उस्मानभाई आतून म्हणाले. ते मराठीत बोललेलं मी ऐकलेलं हे एकमेव वाक्य.

माझी रेल्वे चुकणार हे मला दिसत होतं. तरी मी बाकाच्या न ओल्या टोकावर बसले. थोड्या वेळानं जिनिंगकडून ज्योती चालत आली. केसांवर कापसाचे पुंजके, चपला धुळीनं भरलेल्या. मला पाहून ती थबकली. बोर्डाकडे बघितलं, फ्लेक्सकडे बघितलं.

"निकाल लागला ना म्याडम? काल पेढे बी वाटले. मंग गाडी कामून न्हाई थांबली?"

मी सरपंचांकडे पाहिलं. व्यंकटराव आपल्या चपलांकडे बघत होते. गयाबाईंनी पदरानं ज्योतीच्या डोक्यावरचा कापूस झटकला आणि एकदम त्यांचा आवाज चढला, "आवं सरपंच, उठा. पुढच्या गाडीला मी अडवते. तुमी माझ्या शेजारी उभं ऱ्हावा."

"मी? रस्त्यात?"

"मंग काय बाभळीवर?"

पुढची बस दिसली तसे दोघं रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. गयाबाईंनी दोन्ही हात पसरले होते. व्यंकटरावांनी आधी एकच हात वर केला होता, गाडी जवळ येऊ लागली तसा दुसराही केला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. कंडक्टर खाली उतरला तो भांडायच्या तयारीनंच.

"मोहखेड म्हटलं की ह्या शिव्या देतेत, चिंचटाकळी म्हटलं की हे. आमाला काय आयबाप न्हाईत का? आमी जिनिंगला थांबतो. जिनिंग कुणाचीच बाजू घेत न्हाई."

"आता कुणी शिव्या देणार न्हाई," गयाबाई म्हणाल्या. "तुमी मोहखेड म्हणा. चालंल."

"न्हाई न्हाई," व्यंकटराव म्हणाले, "पाहुण्यांसमोर आमी एवढे हलके न्हाई. चिंचटाकळी म्हणा."

"म्या म्हणून ऱ्हायले ना, मोहखेड म्हणा!"

"मी बी म्हणून ऱ्हायलो, चिंचटाकळी!"

आता ते एकमेकांच्या गावाच्या नावासाठी भांडत होते आणि आवाज कालच्यापेक्षा जास्त चढले होते. बसमधून कुणीतरी ओरडलं, "अमेरिका म्हणा, पण गाडी काढा!" कंडक्टर म्हणाला, हे मला नका सांगू, आगारात येऊन साहेबांसमोर दोघांनी बोला, मग बघू. आणि काय सांगू, दोन्ही सरपंच खरंच बसमध्ये चढले. मीही चढले. ज्योती फाट्यावर उभी राहून तोंडाला ओढणी लावून हसत होती.

बसमध्ये

तिघांचं बाक मिळालं. खिडकीशी मी, मध्ये गयाबाई, कडेला व्यंकटराव अर्धे बाहेर. मग गयाबाईंनी कमरेच्या पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या आणि न बघताच निम्म्या व्यंकटरावांच्या ओंजळीत टाकल्या. त्यांनीही न बघता घेतल्या.

मी म्हटलं, "तुमचं पटतच नाही का कधी?"

"पटतं की," व्यंकटराव शेंग फोडत म्हणाले. "ह्यांचं जनावर आमच्या शिवारात शिरलं तर आमी कोंडत न्हाई, हाकलून बांधापत्तोर आणून सोडतो. तेबी तसंच करतेत."

"आन त्यांच्या गावात मयत झालं की आमच्याकडं लग्न असलं तरी वाजा बंद," गयाबाई म्हणाल्या. "माझ्या थोरल्याच्या वरातीला बी बंद केला होता. नवरदेव बिनवाज्याचा आला घरी."

"हाव, माझ्या चुलत्याच्या टायमाला," व्यंकटराव म्हणाले. "मी तवा आलो होतो सांगायला, वाजवा म्हणून. ह्यांनी ऐकलं न्हाई."

"कसं ऐकणार?"

"हे सगळं ठरलं कधी?" मी विचारलं. "कुणी ठरवलं?"

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू श्वास घ्यायचं कधी ठरवलं असं मी विचारते आहे. गयाबाई म्हणाल्या, "ठरवायला काय हाय त्यात? असंच हाय ते."

मी खिडकीबाहेर बघत बसले. दोन दिवस मी एका बोर्डाकडे बघत होते. या दोन गावांमध्ये किती कायदा रोज पाळला जात होता, त्यातला एकही शब्द त्या बोर्डावर नव्हता. भांडण एका फाट्याचं आणि त्याचा आवाज तेवढा हिमायतनगरपर्यंत गेलेला.

भोकरच्या आगारातले साहेब तरुण होते, जेवायला बसायच्या बेतात. दोघांनी एकदमच बोलायला सुरुवात केली. त्यांनी डबा बाजूला सरकवून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वर्षभरात दोन्ही गावांकडून नावाच्या किती तकरारी आल्या माझ्याकडं! पण गाडी थांबवा, अशी एकही आली न्हाई. मला वाटलं तुमाला गाडी नकोच हाय."

मग व्यंकटराव म्हणाले, "साहेब, नाव काय बी घेऊ नका. नुसती घंटी मारा. आमचं आमी उतरू."

"आन चढू बी," गयाबाई म्हणाल्या.

साहेबांनी तिथंच कंडक्टरला बोलावून सांगितलं. माझी बस पुढं नांदेडला निघाली तेव्हा ते दोघं उलट दिशेच्या गाडीत चढत होते. आधी कोण चढणार यावर दारात काहीतरी चाललं होतं आणि मागचा माणूस दोघांनाही ढकलत होता. माझी रेल्वे मला मिळाली. ती उशिरानं धावत होती, त्याबद्दल मी कुणाचाही निषेध केला नाही.

नाशिक

घरी येऊन दोनतीन दिवस झाले असतील. दुपारी मी पेपर तपासत असताना बालाजीच्या नंबरवरून फोन आला, पण बोलत होती ज्योती. कॉलेजच्या फाटकात तो भेटला म्हणून तिनं फोन लावायला सांगितला होता.

"म्याडम, सकाळची गाडी थांबली. काल संध्याकाळची बी थांबली."

"वा! बोर्डाचं काय?"

"ते हाय तसंच. आता फ्लेक्सवर मोहखेडवाल्यांनी त्यांच्या सरपंचाचा बी फोटो लावलाय, मोठा." ती घाईत होती. "म्याडम, आज मी पहिल्या तासाला बसले. अकरावीला आल्यापासून पहिल्यांदा."

"मग? कसा वाटला तास?"

"तास बरा होता. पण सरांनी लई वेळ माझ्याकडं बघितलं," ती हसत म्हणाली, "आन म्हणले, नवीन ॲडमिशन का?"